पहिल्या वर्षांचा खर्च कोणी उचलायचा?

वर्षातल्या सर्वोत्तम ब्रिटिश-आयरिश अल्बमला मिळणाऱ्या मर्क्युरी पारितोषिकाच्या २००८ सालच्या अंतिम यादीत इंग्रजी गायिका-गीतकार लॉरा मार्लिंगचं नाव होतं. वय १८, पहिलाच अल्बम, गिटार आणि आवाज यांच्या आधारावर उभी असलेली गाणी. त्याच यादीत एल्बो हा बँडही होता. मँचेस्टरजवळच्या बरी गावातली ही मुलं एकत्र वाजवायला लागली तेव्हा मार्लिंग पाळण्यात होती. पारितोषिक एल्बोला मिळालं आणि ते योग्यच झालं. पण मला ती यादी पुन्हा पुन्हा आठवते ती वेगळ्या कारणासाठी. एकीने दोन-तीन वर्षांत गाठलेल्या जागी पहिल्यांदा (२००१ साली) पोचायला दुसऱ्यांना दहा-अकरा वर्षं लागली होती, आणि हा फरक आपण सहसा प्रतिभेच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

मार्लिंगबद्दल तेव्हाही आणि आजही बोललं जातं ते तिच्या वयाच्या अंगाने. एवढ्या लहान मुलीला एवढी समज आली कुठून? प्रश्न चांगला आहे. ‘उपजतच’ असं म्हणून तो मिटवून टाकणं मात्र मला मान्य नाही. इंग्लंडमध्ये गेली काही वर्षं एक वाद चालू आहे: स्टेडियम आणि अरीना (हजारो श्रोत्यांची बंदिस्त सभागृहं) यांमधल्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड अधिभार घ्यावा का, आणि तो पैसा गाण्याच्या छोट्या जागा जगवायला वापरावा का? माझं उत्तर ‘हो’ आहे. शिवाय तो ऐच्छिक न ठेवता कायद्याने लावावा, असं माझं म्हणणं आहे. मार्लिंगची सुरुवातीची वर्षं नीट पाहिली तर असं का म्हणतो ते कळेल.

तिचा जन्म १९९० चा. हॅम्पशायरमधल्या एव्हर्सली गावात ती वाढली. वडील रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवलेले, लोकसंगीताचे दर्दी. गिटार तिला त्यांनीच शिकवली. आई संगीतशिक्षिका. शिक्षण रेडिंगच्या लेटन पार्क या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या खासगी शाळेत. १६ व्या वर्षी शाळा सोडून ती लंडनला आली आणि तिथे तिच्यासारखीच गिटारवाली मुलं तिला भेटली. नोआ अँड द व्हेल या बँडमध्ये ती सुरुवातीला गायची. त्याच बँडच्या चार्ली फिंकने पुढे तिचा पहिला अल्बम घडवला. तिच्यामागे ड्रम वाजवायला मार्कस ममफर्ड असायचा. त्याच्या स्वतःच्या बँडने, ममफर्ड अँड सन्सने, २०१३ साली वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी जिंकलं.

ही मंडळी जमायची कुठे? फुलहॅममध्ये किंग्ज रोडवर एका दुकानाखालच्या बोसन्स लॉकर नावाच्या छोट्या तळघरात. नॉटिंग हिल आर्ट्स क्लबच्या तळघरात, जिथे २००६ साली ममफर्ड अँड सन्सच्याच बेन लव्हेटने दोन सोबत्यांबरोबर ‘कम्युनियन’ ही गाण्याची बैठक सुरू केली. अशा ठिकाणी श्रोते आणि गाणारे यांच्यात दोन हातांचंसुद्धा अंतर नसतं. समोरच्याला कंटाळा आला तर तो गाणाऱ्याला तिथल्या तिथे दिसतो. दुसऱ्या कडव्याला कुणी पाठ फिरवून बारकडे गेला, तर ते कडवं का पडलं याचा विचार घरी जाताना डोक्यात घोळतो. मार्लिंग त्या काळात रंगमंचावर अतिशय बुजरी म्हणून ओळखली जायची. नजर श्रोत्यांच्या डोक्यांवरून पलीकडे लावून ती गायची, दोन गाण्यांच्या मधे जेमतेम काही बोलायची. तो बुजरेपणा गाण्याच्या आड येऊ न देण्याचा सराव तिला या तळघरांत मिळाला. तिथे फसलं तरी दुसऱ्या दिवशी पेपरात येत नव्हतं.

मध्य लंडनच्या सोहो भागातली एक घटना प्रसिद्ध आहे. सोहो रिव्ह्यू बारमध्ये तिचा कार्यक्रम ठरला होता. दारू मिळणारी जागा, आणि हिची १८ वर्षं पूर्ण झालेली नव्हती. दारातच अडवलं. मग तिने बाहेर फुटपाथवर उभं राहून गाणी म्हटली. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द त्यात आहेच. मी या गोष्टीकडे शहराच्या नकाशावरची जागा म्हणूनही पाहतो. तो बार २००९ च्या सुरुवातीला बंद झाला. तिथून थोडं चालत गेलं की ग्रीक स्ट्रीट लागतो. तिथल्या एका रेस्टॉरंटखाली ‘ले कझिन्स’ हे तळघर होतं, साठच्या दशकात बर्ट जान्श, जॉन रेनबॉर्न यांच्यासारखे गिटारवादक जिथे रात्रभर वाजवत बसायचे. ते १९७२ साली बंद झालं. आणखी पुढे डेन्मार्क स्ट्रीटवर ‘ट्वेल्व्ह बार क्लब’ होता. पुनर्विकासात तो जानेवारी २०१५ मध्ये गेला. चेरिंग क्रॉस रोडवरचं अॅस्टोरिया हे मोठं सभागृह नव्या रेल्वेमार्गासाठी २००९ साली पाडलं गेलं. हा सगळा पायी फिरण्याएवढा परिसर. इंग्रजी गीतकार-गायकांच्या दोन-तीन पिढ्या इथे घडल्या, आणि आज तिथे १७ वर्षांची मुलगी गिटार घेऊन आली तर तिला अडवायला ते दारसुद्धा उरलेलं नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण मार्लिंगच्या चाहत्यांना ती बोलायला जड जाते. (मीही त्यातलाच.) तिचे वडील सरदार घराण्यातले, पाचवे बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा किताब). मार्कस ममफर्ड विंबल्डनच्या किंग्ज कॉलेज स्कूलचा, त्याच वर्तुळातला गायक जॉनी फ्लिन बीडेल्सचा. दोन्ही महागड्या खासगी शाळा. ब्रिटनमध्ये शंभरातली साधारण सात मुलं खासगी शाळेत जातात. पश्चिम लंडनच्या या लोकसंगीताच्या लाटेत ते प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं जास्त होतं. त्यामुळे त्यांची गाणी खोटी ठरत नाहीत. मार्लिंगचा २०१० सालचा दुसरा अल्बम, ईथन जॉन्सने घडवलेला, वयाच्या विशीत कुणी लिहावा असा नाहीच. त्यातलं बायकांच्या आयुष्याबद्दलचं निरीक्षण अस्सल आहे. पण १६ व्या वर्षी शाळा सोडून लंडनला जाण्याचा निर्णय तिला घेता आला, कारण तो फसला तर परतायला घर होतं. सुरुवातीच्या वर्षांचा खर्च गरज पडली तर घराला उचलता येण्याजोगा होता.

ज्यांच्या घरांना तो उचलता येत नव्हता, त्यांचा एकेकाळी ब्रिटनमध्ये सरकार उचलत असे. तेही काही कलेवरच्या प्रेमापोटी नव्हे. ऐंशीच्या दशकात थॅचर सरकारने बेकारी कमी दाखवण्यासाठी एक योजना आणली: बँकेत हजार पौंड दाखवा, स्वतःचा धंदा सुरू केल्याचं सांगा, आठवड्याला ४० पौंड घ्या. क्रिएशन रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी सुरू करणारा अॅलन मॅगी या योजनेवर होता. १९९९ साली ब्लेअर सरकारने बेकार तरुणांच्या योजनेत संगीतकारांसाठी वेगळी सोय केली. त्याही आधी साधा बेकारभत्ता घेऊन तालीम करणाऱ्या बँडची संख्या मोठी होती. भाडी कमी होती, जुन्या गिरण्यांच्या इमारती ओस पडल्या होत्या, प्रत्येक गावात पबच्या मागच्या खोलीत वाजवायला मिळत होतं. एल्बोने हाच काळ पाहिला. १९९० ला सुरुवात आणि पहिला अल्बम २००१ ला. मधे एकदा अल्बम तयार झाला होता, पण कंपनीच दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, बँडला नारळ मिळाला आणि ते रेकॉर्डिंग तसंच पडून राहिलं. दहा वर्षं कमाई नसताना टिकून राहायचं तर भोवतालच्या गावाने तुम्हाला सांभाळावं लागतं. मँचेस्टरच्या ओल्डहॅम स्ट्रीटवरचं ‘नाइट अँड डे’ हे कॅफे त्यांच्या सुरुवातीच्या काळाशी जोडलेलं आहे. २०२१ साली शेजारच्या घरातून आलेल्या तक्रारीवरून महापालिकेने त्याच कॅफेला आवाजाची नोटीस दिली आणि ते प्रकरण २०२४ पर्यंत न्यायालयात चाललं. नव्याने राहायला येणाऱ्याने जुन्या संगीताच्या जागेशी जुळवून घ्यावं, असं तत्त्व इंग्लंडच्या नगररचना धोरणात २०१८ सालीच आलं आहे. एवढ्याने जागा वाचत नाहीत, हे या प्रकरणातून दिसलं.

छोट्या जागांसाठी काम करणाऱ्या ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ या संस्थेचे आकडे पाहावेत. २०२३ या एका वर्षात ब्रिटनमधल्या अशा १२५ जागा गेल्या. बाथ शहरातला ‘मोल्स’ हा नावाजलेला क्लब त्याच वर्षी डिसेंबरात बंद झाला. २०२४ साली उरलेल्या जागांचा सरासरी नफा अर्ध्या टक्क्याहून कमी होता, चाळीस टक्क्यांहून जास्त जागा तोट्यात होत्या, आणि गाण्याच्या कार्यक्रमांतला तोटा त्यांनी दारू-खाण्याच्या कमाईतून भरून काढला तो १६ कोटी २० लाख पौंडांचा. मला सर्वात जास्त टोचलेला आकडा वेगळाच आहे. १९९४ साली या पायरीवरच्या कलाकाराचा एक दौरा सरासरी २२ कार्यक्रमांचा असे. २०२४ साली तो ११ वर आला, तोही मोजक्या मोठ्या शहरांपुरता. म्हणजे सराव निम्मा झाला, आणि लहान गावातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर कुणी गाताना दिसणंही बंद झालं. ज्या गावात कुणी येत नाही, तिथल्या मुलाला हे आपणही करू शकतो असं वाटायचं तरी कसं?

यावर उत्तर येतं की आता तळघरांची गरजच काय, मोबाइल आहे. खोलीत बसून गाणं रेकॉर्ड करा, जगाला ऐकवा. या म्हणण्यात तथ्य आहे. अनेकांना त्या वाटेने श्रोते मिळाले आणि काही दारं खरंच उघडली. पण पैशाच्या बाबतीत ती वाट सुरुवातीच्या माणसाला काहीच देत नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून नियमच केला की वर्षभरात एक हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदला नाही. २०२१ साली ब्रिटिश संसदेच्या समितीने स्ट्रीमिंगच्या मोबदल्याची सगळी घडीच नव्याने बसवायला हवी असं सांगितलं. त्या चौकशीत नादिन शाहसारख्या नावाजलेल्या, मर्क्युरीच्या यादीत येऊन गेलेल्या गायिकेने स्ट्रीमिंगच्या कमाईतून घरभाडं भागत नाही असं सांगितलं होतं. तिची ही अवस्था, तर पहिलं गाणं टाकणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी?

कारागिरीचं तर विचारायलाच नको. स्क्रीनवर लोक निघून जातात ते दिसत नाही, कुठल्या ओळीला गेले ते कळत नाही, आणि गप्प बसून ऐकणारे दिसत नाहीत. गायक-गीतकाराचं काम अनोळखी माणसांसमोरच पारखलं जातं. मार्लिंगच्या पहिल्या अल्बमची एक खास आवृत्ती निघाली होती, पेटीच्या रूपात: प्रत्येक गाण्याच्या नावाने एकेक छोटी वस्तू आणि सोबत तिच्या कार्यक्रमाचं तिकीट. सीडीच्या सोबतच मैफिलीचं आमंत्रण. १८ व्या वर्षी तिला आणि तिच्या लोकांना नेमकं ठाऊक होतं की गाणं पुरं होतं ते समोरासमोर. पुढे २०२० च्या जूनमध्ये टाळेबंदीत तिने लंडनच्या युनियन चॅपलमधून रिकाम्या सभागृहात गाऊन तिकीट लावून प्रक्षेपण केलं आणि ते सुंदर झालं. पण तोवर तिच्या गाठीशी चौदा वर्षांचे कार्यक्रम होते.

आता अधिभाराकडे. मे २०२४ मध्ये संसदेच्या संस्कृती समितीने शिफारस केली की मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांमागे संगीत उद्योगाने आपणहून रक्कम बाजूला काढावी, आणि सप्टेंबरपर्यंत तसं ठरलं नाही तर सरकारने कायदा करावा. सप्टेंबर उलटला. नोव्हेंबरात सरकारने कल्पनेला पाठिंबा दिला, पण ऐच्छिकच ठेवून. काही कलाकारांनी मन मोठं केलं. सॅम फेंडरने आपल्या अरीना दौऱ्यात तिकिटामागे एक पौंड दिला. कोल्डप्ले या बँडने २०२५ च्या लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधल्या आणि हल शहरातल्या कार्यक्रमांच्या आपल्या कमाईतले दहा टक्के देऊ केले. रॉयल अल्बर्ट हॉलनेही तिकिटामागे एक पौंड द्यायचं ठरवलं. या सगळ्यांचं मी मनापासून कौतुक करतो. तरीही छोट्या जागांचं अस्तित्व कुणाच्या तरी चांगुलपणावर अवलंबून ठेवणं मला धोक्याचं वाटतं. जो देतो त्याचं तिकीट एक पौंडाने महाग होतं किंवा नफा तेवढा कमी होतो. जो देत नाही त्याला काहीच होत नाही. शिवाय जागा चालवणाऱ्याला पुढच्या वर्षाचा भाडेकरार करायचा असतो. एखाद्या बँडच्या दौऱ्याच्या भरवशावर तो करार होत नाही.

फ्रान्सने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. तिथे संगीताच्या कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीवर साडेतीन टक्के कर कायद्याने घेतला जातो आणि तो राष्ट्रीय संगीत केंद्रामार्फत याच क्षेत्रात परत येतो. त्यामुळे फ्रान्समध्ये मोठे कार्यक्रम बंद पडलेले नाहीत. ब्रिटनमध्ये तिकीट आधीच महाग आहे, त्यावर आणखी बोजा कशाला, असा आक्षेप घेतात. बोजा आहे हे खरं. तिकिटावर २० टक्के व्हॅट आहे, जर्मनीत तोच सात टक्के. आणि २०२५ च्या एप्रिलपासून छोट्या जागांना स्थानिक करात मिळणारी सूट ७५ टक्क्यांवरून ४० वर आली. सरकारने व्हॅट कमी केला तर उत्तमच. पण शंभर-दीडशे पौंडांच्या तिकिटात एक पौंड जड होतो, हे मी मानत नाही. वेम्ब्लीची एक भरलेली रात्र म्हणजे जवळपास ९० हजार माणसं, म्हणजेच ९० हजार पौंड. अर्ध्या टक्क्याने तरणाऱ्या-बुडणाऱ्या जागांना त्यातून वर्षभराचा श्वास मिळतो.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांचाही थोडा संबंध येतो. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन रात्री वाजवून गेले आणि त्या तिकिटांसाठी आपल्याकडे काय झुंबड उडाली ते सर्वांनी पाहिलं. त्याच बँडचा पहिला कार्यक्रम १९९८ साली लंडनच्या कॅमडेनमध्ये ‘लॉरेल ट्री’ नावाच्या पबमध्ये झाला होता. आणि मार्लिंग व ममफर्डच्या मंडळींनी दिल्लीत राजस्थानी कलाकारांबरोबर केलेलं एकत्र रेकॉर्डिंग २०१० साली प्रसिद्ध झालं. त्यात तिच्या एका गाण्याला ‘स्नेह को मार्ग’ जोडलेलं आहे. लंडनच्या तळघरांत गाणारी मुलं चार वर्षांत राजस्थानी लोकगायकांच्या शेजारी बसून वाजवू शकली.

सर्वात गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो डाव्या बाजूने येतो: या तळघरांत श्रीमंतांचीच मुलं गाणार असतील तर सगळ्यांच्या खिशातून ती का जगवायची? याला आकड्यांतच उत्तर आहे. सामाजिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या सटन ट्रस्ट या संस्थेच्या २०२४ च्या अहवालात शास्त्रीय संगीतातल्या अव्वल कलाकारांपैकी ४३ टक्के खासगी शाळांतले निघाले. लोकप्रिय संगीतात ते प्रमाण होतं फक्त ८ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीएवढंच. महागडी वाद्यं, वर्षानुवर्षांची शिकवणी, संस्थांमधले प्रवेश या वाटेने जाणाऱ्या कलेत गरीब मूल गळून पडतं. पबच्या मागच्या खोलीतून जाणाऱ्या कलेत ते टिकतं, निदान आजवर टिकत आलं आहे. पश्चिम लंडनची लोकसंगीताची लाट हा त्यातला अपवाद होता. खोल्या बंद पडत गेल्या तर तोच नियम होईल, कारण श्रीमंत मूल खोलीविनासुद्धा चार वर्षं काढू शकतं.

म्हणूनच कायदा होईल तेव्हा तो फक्त इमारतींचा कायदा होऊ नये, हाही माझा आग्रह आहे. पाच हजारांवर क्षमता असलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला अधिभार सक्तीचा असावा, त्यातून छोट्या जागांची भाडी आणि ध्वनियंत्रणा यांचा खर्च निघावा; पण ठरावीक वाटा थेट गाणाऱ्याच्या हातात जावा. आयर्लंडने २०२२ साली दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देणारा प्रयोग सुरू केला आणि आता ती योजना कायम करायचं ठरवलं आहे. एवढी झेप ब्रिटन आज घेणार नाही. पण पहिल्या दौऱ्याचा रेल्वेचा खर्च, रात्री राहण्याचे पैसे आणि प्रत्येक कार्यक्रमाला किमान मानधन, एवढं या एका पौंडातून नक्की भागतं. आणि वाटप करताना लंडन-मँचेस्टरच्या आधी ज्या गावांचं नाव दौऱ्यांच्या यादीतून गळालं आहे, त्यांचा विचार व्हावा: तिथे कार्यक्रम ठेवणाऱ्या जागेला दुप्पट मदत आणि तिथे जाणाऱ्या कलाकाराला प्रवासाचे पूर्ण पैसे.